उलट्या अक्षरांचे चाचा

माझ्या आडनावातला ळ रुसलेला आहे, हे मला चाकणला आल्यावर कळलं. त्याआधी सत्तावीस वर्षं मी तो तसाच रुसलेला घेऊन परभणी जिल्ह्यात हिंडत होते आणि मला कुणी काही बोललं नव्हतं.

कंपनीतला माझा पहिला दिवस होता. कंपनी म्हणायची एवढंच. कुरुळी फाट्यापासून आत, एका लांबट पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्यात ओततात ते पोलादी साचे आम्ही बनवायचो. बादल्यांचे, झाकणांचे, गाड्यांच्या बारीकसारीक भागांचे. मी तपासणी विभागात लागले होते, म्हणजे एक टेबल, एक टॉर्च आणि मी. सुपरवायझर मला शेड दाखवत होता. उत्तरेच्या खिडकीखाली एक वयस्क गृहस्थ पोलादाच्या ठोकळ्यावर नाक टेकेल इतके वाकून बसले होते. पांढरी दाढी, निळा ओव्हरऑल, डोक्यावर विणलेली टोपी.

"हे चाचा. अक्षरं कोरतात," सुपरवायझर म्हणाला.

चाचांनी मान वर न करता विचारलं, "नाव काय, पोरी?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी कोरणी खाली ठेवली, ते नाव बोटानं हवेत लिहिलं, उजवीकडून डावीकडे, आणि जरा वेळ त्या हवेकडे बघत राहिले.

"नाव ब्येस हाय. आडनावातला ळ तेवढा रुसलाय."

"का बरं?"

"त्याला कुनी शब्दाच्या सुरवातीला बसूच देत न्हाई. जलमभर मागं नायतर मधी. मंग रुसनार न्हाई तर काय करंल?"

सुपरवायझर मला डोळ्यांनी खुणावत होता की चला, असंच असतं. पण त्या दिवशी टेबलाशी बसून मी खरोखरच ळ नं सुरू होणारा मराठी शब्द शोधत बसले. एकही सापडला नाही.

चाचा चाकणचेच. किती पिढ्यांचे, ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांचे वडील आठवडे बाजारात बसून तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं घालायचे. चाचांनी त्यांच्याकडून ते कसब घेतलं आणि एमआयडीसी आली तेव्हा भांडी सोडून पोलादाकडे आले. साच्यात अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा वस्तूवर ते सुलटं उठतं. आता हे काम यंत्र करतं. आमच्याकडेही संगणकावर चालणारी सीएनसी आली होती, पण बारीक मराठी अक्षरं, जोडाक्षरं, कुठे दुरुस्ती असली की यंत्राचा ऑपरेटर मुकाट्यानं साचा उचलून चाचांच्या खिडकीखाली आणून ठेवायचा. चाचा आधी पोलादावर तोंडाची वाफ सोडायचे, मग शर्टाच्या टोकानं पुसायचे. "थंड हाय बिचारं," म्हणायचे.

चाळीस वर्षं उलटं लिहून त्यांना सुलटं लिहिणं जड जायला लागलं होतं. हजेरीच्या वहीत त्यांची सही उलटी असे. शेठनं एकदा हटकलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वहीशेजारी एक छोटा आरसा दोरीनं बांधून ठेवला. मी नोकरी सोडली तेव्हाही तो आरसा तिथं लटकत होता.

आणि चाचा कविता लिहायचे. सगळ्या शेडला ते ठाऊक होतं, आणि ती कुणी ऐकायची नाही यावर सगळ्या शेडचं एकमत होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खिशातून कागद काढला की माणसं हात धुवायला उठायची. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. ते लेथ मशीनजवळ जायचे, त्याच्या अंगावर हात ठेवायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. बोलणं गावाकडचं, पण कवितेतली मराठी शाळेतल्यासारखी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाहेर जायचं तर धुतलेलं कापड घालावं का न्हाई? तिचं बी तसंच."

कांद्याच्या दिवसांत आमच्या भागात टरफलं उडतात. बाजार समितीकडून वारा सुटला की हायवेवरून, ट्रकांच्या टपांवरून, कंपन्यांच्या कुंपणांवरून ती गुलाबी, पातळ, बिनवजनाची टरफलं तरंगत येतात. आमच्या शेडच्या खिडक्यांतून आत यायची आणि तेल लावलेल्या पोलादावर चिकटून बसायची. सुपरवायझर वैतागायचा. चाचा ती एकेक करून हलक्या बोटांनी उचलायचे, रुमालात ठेवायचे आणि घरी न्यायचे. कशाला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्याच खिडकीतून समोरच्या कंपनीची पाण्याची टाकी दिसायची. चाचांना त्या टाकीवर माणसं दिसायची.

हे ते हवापाणी सांगितल्यासारखं सांगायचे. "आज एक बाई बसलीय कठड्यावर. क्यास वाळवतीय." किंवा, "कालचा तो कानाला रेडू लावलेला म्हातारा परत आलाय बग." हिवाळ्यात इंद्रायणीकडून धुकं सरकत यायचं, शेडसमोरचा रस्ता नाहीसा व्हायचा, कंपन्यांच्या बसचे नुसते दिवे जायचे, अशा सकाळी त्यांना जास्त मंडळी दिसत. पहिल्यांदा मी हसले. मग एकदा विचारलं, "चाचा, ते लोक तिथं काय करायलेत?"

माझ्या परभणीकडच्या 'करायलेत'ला ते आधी मनापासून हसले. मग म्हणाले, "काय करनार? बगत्यात."

"काय बघतात?"

"आपल्याला. आपन बगत न्हाई का त्यांच्याकडं? तसं."

मी टाकीकडे पाहिलं. धुक्यात तिचा नुसता वरचा काठ दिसत होता, खांबांशिवाय, आभाळात ठेवल्यासारखा. तिथं कुणी नव्हतं. पण तिथं कुणी बसलं असतं तर त्यांना आमची खिडकी, खिडकीतला पिवळा दिवा आणि त्याखाली वाकलेली टोपी कशी दिसली असती, ते मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. त्यानंतर मी हसले नाही.

चाचांबरोबर मी एकदा कविसंमेलनाला गेले होते. चिंचवडमधल्या एका साहित्य मंडळाचं. त्यांनी पोस्टकार्ड पाठवून नाव नोंदवलं होतं आणि ते उलटं नसावं म्हणून पत्ता माझ्याकडून लिहून घेतला होता. रविवारी आम्ही बसनं गेलो. चाचांनी इस्त्रीचा पांढरा कुडता घातला होता आणि काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. हॉलमध्ये त्यांचा नंबर शेवटून दुसरा लागला. तोपर्यंत निम्मे लोक चहाकडे गेले होते.

चाचा व्यासपीठावर गेले, त्यांनी टॉवेल सोडला आणि आतून तांब्याचा पत्रा काढला. कविता त्यावर कोरलेली. ते तो पत्रा ट्यूबलाइटकडे तिरपा धरून वाचायला लागले आणि पत्र्याचा उजेड छतावर पडला. तांबूस, थरथरता, हाताएवढा तुकडा. चाचा एकेका ओळीला पत्रा हलवायचे तसा तो छतावर इकडून तिकडे सरकायचा. सगळ्या हॉलनं माना वर केल्या. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. चाचा वाचत होते:

*भिंतीवर दार कोरलं.*
*आत कुणी आहे का, विचारलं.*
*आतून तोच प्रश्न आला.*

"छान, छान," अध्यक्ष म्हणाले. "पण आजोबा, ते ताट खाली ठेवून वाचा."

चाचांनी खरंच पत्रा खाली ठेवला, आणि मग त्यांना पुढचं आठवेना. वेळ संपली होती. त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि खाली उतरले.

बाहेर पडताना मंडळाचे सचिव मागून धावत आले. मला वाटलं, कवितेबद्दल काही बोलणार. त्यांनी पत्रा हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काय हात आहे हो! आमच्या स्मृतिचिन्हांवर नावं कोरून द्याल का? दुकानवाला फार गचाळ करतो."

चाचा हो म्हणाले. पुढे दरवर्षी त्या मंडळाच्या उत्कृष्ट कवींची नावं चाचांनी पितळेच्या पट्ट्यांवर कोरली. मला संताप यायचा. एकदा मी बोलून दाखवलं.

"तुमची कविता त्यांनी ऐकली नाही आणि तुम्ही त्यांची नावं कोरत बसता?"

"पोरी, आपलं नाव कोरलेलं बगून मानूस लई दिस खूश ऱ्हातो," ते पट्टी पुसत म्हणाले. "त्यात माजं काय जातंय?"

आता क्रेटचं सांगते. हे सांगायचं नव्हतं, पण त्याशिवाय चाचांबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

मी चाकणला आले ती सासरहून परत येऊन. दोन वर्षांत लग्न मोडलं होतं. माहेरी गेले तर आईच्या आधी शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणून मी चाकणजवळ चिखलीला बहिणीकडे आले. डिप्लोमा होता, नोकरी मिळाली. मी कुठून आले आणि का आले, हे वर्कशॉपमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. चाचांनाही नाही.

एका गिऱ्हाइकासाठी आम्ही भाजी-कांद्याच्या क्रेटचा मोठा साचा केला. तळाच्या भागावर गिऱ्हाइकाचं नाव आणि चिन्ह चाचांनी कोरलं. साचा माझ्याकडे तपासणीला आला. मी मापं घेतली आणि मग अक्षरं वाचायला आरसा धरला. नाव बरोबर. चिन्ह बरोबर. टॉर्च सरकवताना तळाच्या कोपऱ्यात, जिथं काहीच असायला नको होतं तिथं, मुंगीएवढ्या अक्षरांच्या दोन ओळी दिसल्या.

*रिकामा परतलास, लाजू नको.*
*वाहिलंस ते वाटेला ठाऊक.*

मी आरसा खाली ठेवला. पुन्हा धरला. पुन्हा वाचलं. ते क्रेटला उद्देशून होतं. बाजारातून रिकामा परत येणारा क्रेट, दुसरं काही नाही. तरी टॉर्च मला तिथून सरकवता येईना. मी खिडकीकडे पाहिलं. चाचा पाठ करून चष्मा पुसत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत होते.

तपासणीच्या कागदावर एक चौकोन असतो: 'लेखन बरोबर'. मी त्यात खूण केली. खाली सही केली. साचा गेला.

पाच आठवड्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. तोवर त्या साच्यातून निघालेले क्रेट चाकण, मंचर, नारायणगावपर्यंत पोचले होते. शेठनं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक लाल क्रेट पालथा ठेवलेला. शेठ वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता आणि घाबरला की त्याचा आवाज बारीक व्हायचा.

"चाचा, हे काय आहे?"

"कविता हाय, शेठ."

"ती दिसतीय मला. कुणाला विचारून कोरली?"

"जागा रिकामी व्हती."

"जागा रिकामी होती!" शेठनं कपाळाला हात लावला. मग समोरचा कागद उचलला. तो माझा कागद होता. माझी सही मला लांबूनही ओळखू आली. "आणि हे पास कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. चाचा आधी बोलले.

"तिनं तपासलं तवा ते तिथं न्हवतं. साचा गाडीत भरायच्या आदी म्या मागनं कोरलं."

"खरं का?" शेठनं मला विचारलं.

नोकरी गेली असती तर मला परत जावं लागलं असतं. त्या दारात, त्या शेजारणींसमोर. एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मी मान हलवली. होकारार्थी.

चाचांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पण साचा दुरुस्तीला परत आला होता आणि त्या ओळी इतक्या बारीक होत्या, की त्या आजूबाजूला धक्का न लावता बुजवणं दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नव्हतं. शेठ अवघडून म्हणाला, "चाचा, तेवढं तुम्हीच करून जाल का?"

त्यांनी केलं. वेल्डरनं अक्षरांत धातू भरला आणि मग अख्खी दुपार चाचा तो कोपरा घासत बसले. आधी कानस, मग दगड, मग पॉलिश. कोरताना जेवढी निगुती, तेवढीच पुसताना. चार वाजता त्यांनी अंगठा फिरवून पाहिला.

"गेलं," ते म्हणाले. आणि मला हाक मारली, "तपास बरं."

मी टॉर्च घेऊन वाकले. पोलाद गुळगुळीत झालं होतं. त्यात फक्त माझा चेहरा दिसत होता. मी वर पाहिलं तर ते कोरण्या एकेक करून फडक्यात गुंडाळत होते. जाताना त्यांनी लेथवर हात ठेवला, बाकी कुणाचा निरोप घेतला नाही.

त्यांच्या घरी जायला मला दोन महिने लागले. चाकणच्या किल्ल्याच्या मागच्या आळीत घर. दार उघडं होतं आणि आतून घुंगरांचा आवाज येत होता. उसाच्या रसाच्या दुकानातून येतो ना, तसाच.

अंगणात शेवग्याखाली खरोखरच रसवंतीचा चरक होता. चाचांनी कुठून तरी मोडीत निघालेला आणला होता, त्याचे दोन्ही लाट, म्हणजे रूळ, लेथवर फिरवून आरशासारखे गुळगुळीत केले होते. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवायचा, त्यावर घोंगडीचा तुकडा, आणि हे सगळं लाटांमधून जाऊ द्यायचं. चाक फिरवत होत्या त्यांच्या पत्नी, चाची. घुंगरं वाजत होती. पलीकडून कागद निघाला, चाचांनी तो दोन बोटांनी उचलून उन्हात धरला आणि मला चाचांची कविता पहिल्यांदा कागदावर सुलटी छापलेली दिसली. कवितेच्या भोवतीनं वेली, वेलींत टाकी, टाकीवर केस वाळवणारी बाई.

"आलीस व्हय," चाचा म्हणाले. "उनात उबी ऱ्हाऊ नको. कागूद धर."

बस, एवढंच. नोकरीचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही आणि नंतरही कधी नाही.

मग मी रविवारी जायला लागले. चाची पानं रंगवायच्या. हळदीचा पिवळा, निळीचा निळा आणि टरफलं उकळून काढलेला तो कांद्याचा तांबूस रंग. उंच, सडपातळ बाई, बोलताना हातातला कुंचला झाडूसारखा हलवायच्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. शाळेत घातलंच नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी चाचा त्यांना शेजारी बसवून नवीन पत्रा वाचून दाखवायचे. ओळ वाचायचे, थांबायचे. चाची 'हं' म्हणायच्या. मग पुढची ओळ. कोणत्या पानाला कोणता रंग, ते त्या ऐकून ठरवायच्या. कवितेत उदास काही आलं की त्या हटकून पिवळा काढायच्या. चाचा कुरकुरायचे, "अगं, इथं मानूस मेलाय." चाची म्हणायच्या, "म्हनून तर. तिथं तरी ऊन पडू द्या."

असं करत एक पुस्तक झालं. अकरा प्रती. पाठीला दोरा चाचींनीच घातला. चाचांनी प्रती वाटल्या: एक डॉक्टरांना, एक मशिदीशेजारच्या शाळेच्या हेडमास्तरांना, एक साहित्य मंडळाच्या सचिवांना, आणि एक, मला न सांगता, शेठला. शेठच्या केबिनमध्ये ती मी पाहिली. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती नव्हती, एवढंच म्हणेन. कॅलेंडरांच्या गठ्ठ्यात होती, न उघडलेली. कुणाचाही निरोप आला नाही. चाचा महिनाभर पोस्टमनची सायकल वाजली की अंगणातून मान उंच करायचे. मग करेनासे झाले.

नंतर त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग कोरणीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. चाचा म्हणाले, अक्षरं पाण्यात पडल्यावानी व्हायला लागलीत, पण वाईट न्हाई दिसत. लॉकडाऊनमध्ये आळीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले होते तेव्हाही चरकाची घुंगरं वाजत असत, असं शेजारी सांगायचे. पुढच्या थंडीत, दुपारी, अंगणात खाटेवर उन्हाला पडलेले असताना ते गेले. चाचींना वाटलं, तिथूनही टाकीवर कोण बसलंय ते बघताहेत.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी गेले. चाची भिंतीशी बसल्या होत्या. चरकावर चादर घातली होती. मी ठरवूनच आले होते.

"चाची, तुम्हाला एक सांगायचंय. त्या क्रेटवरची कविता मी वाचली होती. वाचून सही केली होती. चाचा माझ्यासाठी खोटं बोलले आणि मी गप्प राहिले."

"ठावं हाय," चाची म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"तू सही केली ना, त्याच दिशी सांगितलं. जिलबी घेऊन आले. मी इचारलं, कशाची? तर म्हनले, 'कविता पास झाली. एका बाईनं आरसा धरून दोनदा वाचली अन् खाली सही केली.' लहान पोरावानी करत व्हते. मंग नोकरी गेली तवा मी रडले. म्हनले, 'रडतीस काय? जिलबी खाल्ली न्हाई का आपन?'"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग उठून आत गेल्या आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेला एक पत्रा घेऊन आल्या.

"ह्यो शेवटचा. छापला न्हाई. मला वाचून बी दाखवला न्हाई. म्हनले, पुरा झाल्यावर."

मी डोळे पुसले आणि पर्समधला आरसा शोधायला लागले. चाचींनी हातानं थांबवलं. त्यांनी पत्रा मांडीवर घेतला, उजेडाकडे तिरपा केला, उजव्या कडेला बोट ठेवलं. आणि वाचायला लागल्या. उजवीकडून डावीकडे, अक्षराला अक्षर लावत, न अडखळता.

*समोर बसते तिला अक्षर येत नाही,*
*म्हणून तिच्यादेखत*
*सगळं खरं लिहितो.*

माझा हात पर्समध्येच राहिला. "चाची, तुम्हाला वाचता येतं?"

"पेपरातलं न्हाई येत. ह्यांचं येतं." त्या पत्र्याकडेच बघत होत्या. "लहानपनी कुरान शिकवलं व्हतं, ते हिकडनंच तिकडं जातं. ह्यांचं बी हिकडनंच तिकडं. चाळीस वर्सं समोर बसले, बेटी. येनार न्हाई तर काय?"

"म्हणजे त्यांच्या सगळ्या कविता..."

"सगळ्या. कोरत असतानाच वाचायची."

"आणि तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाही? चाची, त्यांना वाटायचं आपलं कुणीच वाचत नाही."

चाचींनी चरकाकडे पाहिलं. शेवग्याची बारीक पानं चादरीवर पडत होती.

"येतं म्हनले असते," त्या म्हणाल्या, "तर मंग संध्याकाळी शेजारी बसून वाचून दाखवलं असतं का?"

मी चादरीवरची पानं झटकली. मग विचारलं, "हा छापूया का आपण? मी चाक फिरवते."

त्यांनी पत्र्यावर तोंडाची वाफ सोडली, पदरानं तो पुसला आणि पुन्हा ओढणीत गुंडाळला.

"न्हाई," चाची म्हणाल्या. "ह्यो असाच असू दे. ह्यो मला वाचता येतो."